दुर्गाबाईंनी पोटासाठी काम केलं, हे मोठ्यानं सांगा

दुर्गा खोटे यांच्यावर मराठीत काहीही लिहून आलं की सुरुवातीच्या दोन-चार ओळींत त्यांचं घर येतं. गिरगावातल्या कांदेवाडीतलं लाडांचं मोठं एकत्र कुटुंब, घरात बोलली जाणारी कोकणी, कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज. मग ते ठरलेलं कौतुक येतं: घरंदाज बाई सिनेमात आली आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली. त्यांचा अभिनय बराच खाली येतो. त्यांच्या कमाईचा तर उल्लेखच नसतो.

मला हे कौतुक मान्य नाही. मी नाटकात आणि मालिकांत काम करते. सध्या बहुतेक आई, सासू, मावशी. पडद्यावरच्या आईचा विषय निघाला की दुर्गाबाईंचं नाव निघतंच, त्यामुळे त्या माझ्या धंद्यातल्या थोरल्या बाई आहेत असंच मी मानत आले. त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते म्हणूनच मला सोडून देता येत नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचं नाव विटा लाड. कुटुंब मूळचं गोव्याचं. कॉलेजचं शिक्षण चालू असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं, बकुल आणि हरीन ही दोन मुलं झाली, आणि मग सासरची आर्थिक घडी साफ विस्कटली. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या धरल्या. शिकवण्यांवर दोन मुलांचं भागेना. १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’ मधलं लहानसं काम आलं ते त्यांनी घेतलं. चित्रपट वाईट निघाला आणि त्यावरून त्यांना खूप बोलणी खावी लागली. पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी कोल्हापूरच्या ‘प्रभात’ मध्ये त्यांना ‘अयोध्येचा राजा’ मधली तारामती दिली. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

या हकिकतीत प्रतिष्ठा कुठे आहे? एका बाईला पैशांची गरज होती. तिच्यापुढे जे काम आलं ते तिनं घेतलं, पहिल्या कामात हात पोळले तरी दुसरं घेतलं, आणि ते इतकं चांगलं केलं की पुढची पन्नास वर्षं काम येत राहिलं. मला यात मान वाटतो. तो मान आपण तिच्या माहेरच्या नावाला देऊन टाकतो याचं वाईट वाटतं.

शिवाय दुर्गा खोटे सिनेमातली ‘पहिली घरंदाज बाई’ होत्या, हे वस्तुस्थितीलाही धरून नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषानं ती भूमिका केली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये पार्वती झाली ती दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली ती त्यांची मुलगी कमला, म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. दुर्गाबाई कामत ब्राह्मण होत्या. संसार मोडल्यावर लेकीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत गेल्या, कारण जगायचं होतं. मग त्यांची गणना घरंदाज बायकांत का होत नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. नाटक कंपनीत पाऊल टाकताच समाजानं त्यांचं घर त्यांच्या नावापासून तोडून टाकलं. दुर्गा खोट्यांच्या बाबतीत ते तुटलं नाही, कारण त्या घराचं वजन मोठं होतं, इंग्रजी शिक्षण होतं, ओळखी होत्या. म्हणजे आपण ज्याला कुलीनता म्हणून मिरवतो तो पैशाचा आणि ओळखींचा जोर होता. तो ज्यांच्याकडे नव्हता त्या कर्तबगार बायका नुसत्या ‘नाटकवाल्या’ म्हणून राहिल्या.

याच्या उलट बाजूलाही काही सत्य आहे. तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर बहुतेक ठिकाणी पुरुषच स्त्रीभूमिका करत होते. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक कंपनी काढली आणि ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ मध्ये १९३३ साली स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा कुठे चित्र पालटायला लागलं. अशा काळात झेवियर्समध्ये शिकलेली बाई पडद्यावर दिसली, याचा मध्यमवर्गातल्या बापांवर आणि नवऱ्यांवर परिणाम झाला असणार. लीला चिटणीस आल्या, वनमाला आल्या, त्यांच्या पदव्यांची चर्चा झाली. मी हे नाकारत नाही. पण लीलाबाईंनाही मुलं वाढवायची होती. त्यांच्या पदवीचं कौतुक सगळीकडे झालं, घरच्या खर्चाबद्दल कुणी बोललं नाही. शिकलेल्या नटीच्या पदवीचा गवगवा करायचा आणि तिची गरज झाकायची, हा प्रकार तेव्हाच सुरू झाला.

आणि तो आजही चालू आहे. म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

नाटकात आमची ‘नाइट’, म्हणजे प्रयोगाचं मानधन, प्रयोग झाला की पाकिटात हातावर पडते. मालिकेत पर डे ठरतो आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात. बारा तासांची शिफ्ट आज करायची आणि तिचे पैसे तीन महिन्यांनी बघायचे, ही रीत आता इतकी रुळली आहे की नव्या मुलींना ती सृष्टीचा नियमच वाटते. एका निर्मात्याकडे माझे पैसे त्या मुदतीनंतरही अडकले होते. मी फोन केला. उत्तर आलं, “ताई, तुम्ही चांगल्या घरातल्या, तुमचं कुठे अडतंय?” त्याच मालिकेत लावणीच्या फडातून आलेली एक सहकलाकार होती, माझ्यापेक्षा कितीतरी तयारीची. तिनं पैसे मागितले तेव्हा तिच्या पाठीमागे सेटवर बोललं गेलं की या बायकांना पैशाशिवाय काही दिसत नाही. माझे पैसे थांबवायला माझं घर कामी आलं आणि तिचा अपमान करायला तिचं. दोघींनी काम सारखंच केलं होतं. दोघींच्या घरी लाइटचं बिल सारखंच येतं.

दुर्गाबाईंच्या चरित्रात या दुखण्यावर औषध आहे, आणि आपण ते कधी बाहेर काढत नाही. तेव्हा चित्रपट कंपन्यांची पद्धत अशी होती की नटनटी महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. कंपनी सांगेल ते काम करायचं, बाहेरचं घ्यायचं नाही. दुर्गाबाई त्या बंधनातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या काही कलाकारांपैकी एक. ‘प्रभात’ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘माया मच्छिंद्र’ करून त्या कलकत्त्याला गेल्या. देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ मध्ये आणि नंतर १९३४ च्या ‘सीता’ मध्ये काम केलं. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग पुन्हा ‘प्रभात’ मध्ये येऊन त्यांनी १९३६ चा ‘अमरज्योती’ केला. एका कंपनीच्या दारातून बाहेर पडून दुसरीकडे जायचं आणि पुन्हा आपल्या अटीवर परत यायचं, हे त्या वेळी एका बाईनं करणं किती अवघड होतं याचा अंदाज आज काम करणाऱ्या कुठल्याही नटीला येईल. आमच्यातल्या कित्येकींना आजही एका वाहिनीचं काम चालू असताना दुसरीकडे जाता येत नाही.

‘अमरज्योती’ मध्ये त्यांच्याबरोबर शांता आपटे होत्या. तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, याच शांताबाई पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद कराराचा आणि पैशांचा होता. नंतर त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात कलाकारांना कसं राबवलं जातं ते उघड मांडलं. शांताबाईंचं नाव निघालं की लोक ‘तापट’, ‘भांडखोर’ म्हणतात आणि दुर्गाबाईंना ‘शालीन’ म्हणतात. मला तर दोघी एकाच गोष्टीसाठी उभ्या राहिलेल्या दिसतात. आपली मेहनत काय भावानं द्यायची हे आपण ठरवायचं. एकीनं ते कंपनी सोडून केलं, दुसरीनं फाटकाशी बसून. दोघींना वेगवेगळ्या खणांत घालणं हा दोघींवरही अन्याय आहे.

आता अभिनयाबद्दल, कारण घराच्या गोष्टीत तोच सगळ्यात जास्त हरवतो.

‘माया मच्छिंद्र’ मधली त्यांची किलोतला ही स्त्रीराज्याची राणी आहे आणि तिच्याजवळ चित्ता आहे. त्या चित्त्याबद्दलच सगळे बोलतात. मी बघते त्यांचा कणा. नुकताच बोलपट सुरू झालेला, ध्वनिग्रहणाची साधनं कच्ची, पार्श्वगायन अजून आलेलं नाही, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं. अशा वेळी बहुतेकांची शरीरं आखडून जात. या बाई राज्य आपलंच आहे अशा उभ्या राहतात. ‘अमरज्योती’ मधली सौदामिनी त्याहून मोठं काम. नवऱ्यापासून वेगळं होताना तिला स्वतःच्या मुलावर हक्क मिळत नाही, कायदा पुरुषाच्या बाजूचा असतो, म्हणून ती समुद्रावर चाचेगिरी पत्करून राज्यसत्तेशीच वैर मांडते. ही गोष्ट १९३६ ची आहे. सौदामिनीच्या रागात रडवेपणा नाही. आजच्या मालिकांत अन्याय झालेल्या बाईला आम्ही डोळ्यांत पाणी आणूनच उभी करतो, कारण तसंच मागितलं जातं. सौदामिनीनं ते कुणाला मागू दिलेलं नाही.

१९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’ मध्ये दुर्गाबाईंनी सुनेला छळणारी सासू केली. तेव्हा त्यांचं वय छत्तीस. सून होत्या वनमाला. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ मध्ये त्यांनी कैकेयी केली. नायिका म्हणून नाव झालेलं असताना ज्या दोन बायकांना घरोघर शिव्या पडतात त्या भूमिका लागोपाठ घ्यायच्या, याला धाडस लागतं. ‘पायाची दासी’च्या हिंदी आवृत्तीसाठी आणि ‘भरत मिलाप’साठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी दोन वर्षं ओळीनं त्यांना उत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. छत्तिसाव्या वर्षी सासूची भूमिका आली की आमच्यातल्या बऱ्याच जणी आता संपलं म्हणून खचतात. मीही पहिल्या सासूच्या वेळी रात्रभर झोपले नव्हते. दुर्गाबाईंची ती कामं नंतर पाहिली तेव्हा कळलं की वय वाढलेल्या बाईकडे लेखकानं जास्त काही दिलेलं असतं, फक्त ते हिसकून घ्यावं लागतं.

आणि मग रंगभूमी. चित्रपटात वीस वर्षं घालवलेल्या, सगळीकडे नाव झालेल्या नटीनं मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत उतरायचं काही कारण नव्हतं. पैसा तिकडे नव्हता. दुर्गाबाई उतरल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’ मराठीत ‘राजमुकुट’ म्हणून आणलं, त्यात लेडी मॅकबेथची भूमिका त्यांनी केली, समोर नानासाहेब फाटक. नानासाहेबांसमोर उभं राहायचं म्हणजे काय ते जुनी माणसं सांगतात. त्या आवाजापुढे सहकलाकार पुसला जायचा.

पडद्यावरून रंगमंचावर येण्यातली अडचण बाहेरच्यांना कळत नाही. कॅमेरा जवळ येतो, म्हणून नटी आत आत जायला शिकते. आवाज खाली, पापणीची हालचाल पुरेशी. रंगमंचावर तेच सगळं शेवटच्या रांगेपर्यंत न्यावं लागतं आणि तरीही ते ओरडणं वाटता कामा नये. श्वास वेगळ्या जागी घ्यावा लागतो. चूक झाली तर रीटेक नाही. आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ, या दोघी नवऱ्याला सत्तेकडे ढकलणाऱ्या बायका. नाटकवाले अशा भूमिकेत पहिल्या प्रवेशापासून डोळे वटारतात. खरी ताकद तिच्या पटवून देण्यात असते. नवऱ्याला आणि प्रेक्षकाला तिचं म्हणणं क्षणभर बरोबर वाटलं पाहिजे. दुर्गाबाईंची ती नाटकं आज बघायला मिळत नाहीत, हे मराठी रंगभूमीचं मोठं नुकसान आहे, आणि त्याबद्दल आपल्याला फारशी हळहळही नाही. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीनं त्यांच्या अभिनयाचा सन्मान केला. त्यांच्यावरच्या लेखांत त्याला जेमतेम अर्धी ओळ मिळते.

‘मुघल-ए-आझम’ मधली जोधाबाई सगळ्यांना आठवते. त्यात मला भावतं ते असं की १९३४ च्या ‘सीता’ मध्ये त्यांचे राम होते पृथ्वीराज कपूर आणि १९६० मध्ये अकबरही तेच. मधल्या सव्वीस वर्षांत दोघांचाही आवाज, देह, चाल सगळं बदललं. पृथ्वीराजजींचा अकबर गडगडतो. जोधा त्याच्यासमोर कमी बोलते, आणि नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये चिरडली जाणारी ती बाई प्रत्येक चौकटीत जागी असते. ‘बॉबी’ मधल्या मिसेस ब्रगांझा वेगळ्याच, ‘बिदाई’ मधली आई वेगळी. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. आयव्हरी-मर्चंटच्या ‘द हाउसहोल्डर’ मध्ये, १९६३ साली, त्या शशी कपूरची आई होत्या. आई म्हटलं की एकच साचा, असं मानणाऱ्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी ही चार कामं एकापाठोपाठ बघावीत.

फाळके पुरस्कार त्यांना १९८३ चा मिळाला. त्यांच्याआधी तो मिळालेल्या स्त्रिया तीनच: देविका राणी, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, आणि कानन देवी. रूबी मायर्स आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानन देवींनी अगदी लहानपणापासून गरिबीत काम केलं. या रांगेत दुर्गाबाई चौथ्या. पुरस्कार देणाऱ्यांनी कुणाचं घर विचारलं नाही. आपणही विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुर्गाबाई पैशाच्या बाबतीत कधी लाजल्या नाहीत, हे त्यांच्या कामातूनच दिसतं. १९३७ मध्ये ‘साथी’च्या निमित्तानं त्या निर्मितीत उतरल्या, तेव्हा निर्माती बाई हातावर मोजण्याइतक्या होत्या. पुढे त्यांनी लघुपट, माहितीपट, जाहिरातपट काढणारी संस्था चालवली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या दुनियेतली ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा त्यांचं वय त्र्याऐंशी. तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९९१ रोजी, त्या गेल्या. त्याच्या कितीतरी आधी हरीन हा मुलगा तरुणपणीच गेला होता. असं दुःख घेऊनही कारभार चालू ठेवणाऱ्या बाईला आपण ‘घरंदाज’ एवढं एकच विशेषण देतो.

त्यांनी आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवलं आहे. ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ मध्ये आलं, शांता गोखले यांनी ते इंग्रजीतही नेलं. त्यातली गरज, बदनामी, कष्ट हे सगळं त्यांनी झाकलेलं नाही. झाकलं ते आपण, त्यांच्यावर लेख लिहिणाऱ्यांनी आणि सत्कारात भाषणं करणाऱ्यांनी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयानं आणि नाट्यसंस्थांनी दुर्गाबाईंच्या नावानं कार्यक्रम ठेवला तर ‘अमरज्योती’ दाखवावा, ‘पायाची दासी’ दाखवावा, आणि व्याख्यानात त्यांचा करार, त्यांचं कंपनी सोडणं, त्यांची निर्मिती यांवर बोलावं. नाट्यशिबिरांत येणाऱ्या मुलींना ‘मी, दुर्गा खोटे’ आणि शांता आपट्यांचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचायला द्यावं. माझ्याकडे दर उन्हाळ्यात काही मुली शिकायला येतात. कुणी डॉक्टरांच्या घरातली असते, कुणी फडातली, कुणाची आई भाजी विकते. शब्दोच्चार आणि श्वास शिकवून झाला की शेवटच्या दिवशी मी त्यांना कराराचा कागद वाचायला लावते, आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार ते सही करण्याआधी, खणखणीत आवाजात विचारायला लावते.